तिच्या नावाचा हप्ता

भिंगमास्तरांना सगळे मास्तर म्हणत, पण त्यांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. चष्म्याच्या एका दुकानामागे दोन खोल्यांचा कारखाना होता. तिथे तीस वर्षं ते एकाच यंत्रापुढे बसून काचा घासत होते. पुढून फ्रेम आणि नंबराची चिठ्ठी यायची. मास्तर गोल काच उचलायचे, तिच्यावर शाईने मध्य टिपायचे, पाण्याच्या धारेखाली फिरत्या चाकावर ती फ्रेमच्या आकारात उतरवायचे आणि कडेला अशी धार ठेवायचे की काच खाचेत टक् करून बसावी. मध्य दोन मिलिमीटर हलला तर गिऱ्हाईक आठ दिवसांत डोकं धरून परत येतं. मास्तरांचं गिऱ्हाईक परत येत नसे. तेवढ्यावरच त्यांना ही पदवी मिळाली होती.

पैशातलं त्यांना काही कळत नव्हतं आणि ते तसं कबूलही करत. “मला नंबर कळतात, आकडे नाही,” म्हणत. आकडे बघायची ती त्यांची बायको.

बायको एका दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायची. पेशंटला वेळ द्यायची, पावत्या करायच्या, फोन घ्यायचे, हे तिचं काम. गाल धरून पाळीची वाट बघणारा माणूस खोटं बोलत नाही, असं तिचं मत होतं. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ कवळी करून घ्यायला पाच वेळा आले. त्या पाच खेपांत त्यांनी तिला म्युच्युअल फंड म्हणजे काय ते सांगितलं. तिने मान डोलावली, पण विश्वास ठेवला नाही. दोन महिने मिळेल ते वाचलं आणि तिसऱ्या महिन्यापासून आपल्या पगारातला छोटा हप्ता सुरू केला, दर महिन्याच्या सात तारखेला. पगार वाढला की हप्ता वाढायचा. अकरा वर्षं झाली त्याला.

त्याआधी तिने आणखी एक गोष्ट केली होती, आणि तिच्यावरून घरात चांगली खडाजंगी झाली होती. सहा महिन्यांचा घरखर्च भागेल एवढी रक्कम तिने दोघांच्या नावाने वेगळ्या ठेवीत टाकली होती. मास्तरांना त्या पैशांतून गळकं न्हाणीघर दुरुस्त करायचं होतं.

“दात दुखायला लागल्यावर डॉक्टर शोधायचा नसतो,” ती म्हणाली होती.

“न्हाणीघर आत्ता गळतंय,” मास्तर म्हणाले होते.

“त्याच्याखाली बादली ठेवा. उपाशी पोटाखाली काय ठेवणार?”

बादली ठेवली गेली.

फंडाच्या कागदावर नॉमिनी म्हणून तिने नवऱ्याचं नाव घातलं आणि तिथे त्याचीही सही घेतली. “मी मेले तर हे तुमचं,” ती म्हणाली.

“आणि मी मेलो तर?”

“तर मी सुटले!” असं म्हणून ती इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तिचा नंबर मोठा होता, दोन्ही डोळ्यांना उणे सहाच्या वर. तो चष्मा अर्थातच मास्तरांनी केलेला.

तिचा धाकटा भाऊ, म्हणजे मास्तरांचा मेव्हणा, एका प्रवासी कंपनीत तिकिटं काढून द्यायचा. बोलका, उतावळा, जीव लावणारा. ताईचं बघून त्यानेही हप्ता सुरू केला होता. पाच-सहा वर्षांत त्याची बऱ्यापैकी रक्कम जमली, तेव्हा ती आपणच कमावली असं तो सांगू लागला. ताई त्याला काही म्हणत नसे.

मग साथ आली. आधी ती लांबच्या बातम्यांत होती, मग जवळच्या बातम्यांत आली आणि एका आठवड्यात दुकानं बंद झाली. विमानं थांबली, गाड्या थांबल्या. चष्म्याच्या दुकानाचं शटर खाली आलं, दातांचा दवाखानाही बंद झाला, तशी दोघं घरी बसली. टीव्हीवर दोन आकडे सतत धावत असत. एक आजाऱ्यांचा, तो वर जायचा. दुसरा शेअर बाजाराचा, तो खाली यायचा. मास्तर दोन्हींकडे सारख्याच नजरेने बघत.

मेव्हण्याचा फोन आला तेव्हा दोघं जेवत होती. बायकोने हात खरकटे म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

“ताई, मी सगळं काढतोय.”

“का रे?”

“का काय? बातम्या बघत नाहीस? तिसरा हिस्सा गेला. उद्या अर्धं जाईल, परवा शून्य होईल.”

“ते पैसे तुला आत्ता लागणार आहेत का? घरी किती आहेत?”

“लागणार नाहीत, पण बुडताना बघत बसू?”

“लागणार नसतील तर ठेव. किंमत खाली आलीय, तुझे युनिट तेवढेच आहेत. तू विकलंस की मगच नुकसान तुझं.”

“ताई, ही वाक्यं कुणाची आहेत मला माहितीये. त्या कवळीवाल्याची! तुला काय कळतं गं बाजारातलं? दवाखान्यात पावत्या फाडतेस तू.”

बायकोने घास खाली ठेवला. मास्तरांना वाटलं आता ती बोलेल. ती म्हणाली, “बरं. तुझे पैसे आहेत,” आणि खरकट्याच बोटाने फोन बंद केला. त्यानंतर बहीणभाऊ बोलले नाहीत. भांडण असं मोठं नव्हतंच. उद्या करू, परवा करू, असं दोघांनीही म्हटलं असणार.

पण त्याच आठवड्यातल्या एका दुपारी ती फोन हातात घेऊन खिडकीपाशी बसली होती.

“अहो, काढून टाकू का हो मीही?”

“तुला काय वाटतं?”

“भीती वाटतेय. अकरा वर्षांचे पैसे आहेत.”

“मग काढ.”

तिने पडद्यावरचा आकडा पुन्हा बघितला. मग म्हणाली, “इतकी वर्षं दवाखान्यात बघतेय मी. कळ आली की माणूस म्हणतो, उपटून टाका. डॉक्टर म्हणतो, सूज उतरू दे, मग बघू.” तिने फोनमधलं ते ॲप बंद केलं. “मी आता बघणारच नाही. तुम्हीही मला आठवण करू नका.” आणि थोड्या वेळाने, जणू त्याच विषयात, “त्याचं बरोबर निघालं तर बरंच होईल म्हणा. निदान एक तरी घर वाचेल.”

दीड महिन्याने दवाखाना तातडीच्या पेशंटसाठी उघडला. दातांचा दवाखाना म्हणजे सगळा उघड्या तोंडांचा मामला. ती दोन मास्क लावून जायची. बाराव्या दिवशी तिला ताप आला. पंधराव्या दिवशी श्वास पुरेना, तेव्हा गाडी आली. पायऱ्या ती स्वतःच्या पायांनी उतरली. उतरताना म्हणाली, “सिलेंडर बदलायला झालाय. लाइटबिल पंधराच्या आत भरा.” पांढऱ्या पोशाखातल्या माणसांनी दार लावलं आणि मास्तरांना घरीच थांबायला सांगितलं.

नऊ दिवस ती आत होती. चौथ्या दिवशी एका नर्सने व्हिडिओ कॉल लावून दिला. बायकोच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि डोळ्यांवर चष्मा नव्हता. ती पडद्याच्या थोडी डावीकडे बघत होती.

“तिला दिसत नाहीये,” मास्तर म्हणाले. “चष्मा कुठाय तिचा?”

“वॉर्ड बदलताना राहिला असेल, काका. शोधते.”

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दुकानाच्या मालकाला फोन करून कारखान्याची किल्ली मागितली. मालकाने काही न विचारता दिली. बंद शटरमागे, एका दिव्याखाली त्यांनी नव्या फ्रेमला काचा बसवल्या. मध्य त्यांना तोंडपाठ होता. तासाभरात चष्मा झाला. तो डबीत घालून, चिकटपट्टी लावून, वर तिचं नाव आणि वॉर्ड लिहून त्यांनी हॉस्पिटलच्या फाटकावर दिला. पहारेकऱ्याने तो एका टोपलीत ठेवला. टोपलीत बरंच काही होतं. फोनचे चार्जर, पुस्तकं, कंगवे.

दहाव्या दिवशी तिच्या वस्तूंची पिशवी परत मिळाली, तेव्हा ती डबी त्यात होती. चिकटपट्टी तशीच होती.

शेवटचं दर्शन वीस फुटांवरून झालं. मास्तर आणि मालक, दोघंच होते. मेव्हणा शहराच्या दुसऱ्या टोकाला, बंदी असलेल्या भागात अडकला होता. त्यांची एकुलती लेक नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात होती आणि तिथून यायला गाडी नव्हती. ती फोनवर रडत होती आणि मास्तर “हो, हो” म्हणत होते. आपल्याला रडू का येत नाही, हा प्रश्नही त्यांना तेव्हा पडला नाही. घरी येऊन त्यांनी सिलेंडर बदलला. पंधराच्या आत लाइटबिल भरलं.

पिशवीतला तिचा फोन त्यांनी चार्जिंगला लावला. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. रोज संध्याकाळी ती लावायची, म्हणून लावला. पुढच्या सात तारखेला सकाळी फोन किणकिणला. वरच्या वर निरोप दिसला, फोन न उघडताही वाचता येणारा. वर तिचं नाव, खाली तिचा या महिन्याचा हप्ता मिळाल्याचं आणि धन्यवादाचं वाक्य. बँकेचं खातं दोघांचं होतं. मास्तरांचा पगारही त्यातच यायचा, त्यातून हप्ता कापला गेला होता. मास्तरांनी निरोप दोनदा वाचला आणि फोन पालथा ठेवला.

पुढच्या सात तारखेला पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही.

तीन महिन्यांनी लेक येऊ शकली. आईचं कपाट आवरताना तिच्या हाती फाइल लागली. “बाबा, हे कळवायला हवं. हप्ता थांबवायला हवा. आणि हे तुमच्या नावावर करून घ्यायचं असतं.”

“हो.”

“मी फॉर्म मागवते.”

“नको. नंतर.”

“किती आहेत ते तरी बघू. आईचा पासवर्ड काय असेल?”

“ती म्हणाली होती, बघायचं नाही.”

लेकीने त्यांच्याकडे बघितलं आणि फाइल पुन्हा कपाटात ठेवली. दहा दिवस राहून ती गेली.

दुकान अर्ध्या वेळेने उघडलं तसा पगारही अर्धा झाला. महिन्याअखेरीस पैसे पुरेनात तेव्हा मास्तर बँकेत गेले आणि ठेव मोडली. सहा महिन्यांचे पैसे एकट्या माणसाला वर्षभर पुरले. ती ठेव नसती तर कपाटातली फाइल त्यांना पहिल्या-दुसऱ्या महिन्यातच काढावी लागली असती, आणि तेव्हा बाजार नुकता कुठे अंथरुणातून उठून बसत होता. पण हे सगळं मास्तरांच्या मनात तेव्हा आलं नाही. तेव्हा ते फक्त रांगेत उभे राहिले आणि काचेपलीकडच्या माणसाने सांगितलं तिथे सही केली.

दुकानात सगळ्यांची एकच तक्रार होती, मास्क लावला की चष्म्यावर वाफ येते. “मास्तर, काहीतरी करा, जग धुकट झालंय,” गिऱ्हाइकं म्हणायची. मास्तर नाकाचे आधार थोडे वाकवून द्यायचे, मास्कची वरची पट्टी दाबून बसवायला सांगायचे. दुसरा विषय बाजाराचा. घरी बसून बसून सगळ्यांनी खाती उघडली होती. मालकाने पडझडीत सगळं विकलं होतं आणि बाजार वर गेल्यावर महागात परत घेतलं होतं. दुकानात पुढे बसणारा विक्रेता सकाळी घेऊन दुपारी विकायचा. जिंकला तर सांगायचा, हरला तर गप्प बसायचा. त्या गप्पांत मास्तरांचं चाक फिरत असायचं. ऐकू येत होतं, पण कुठे पोचत नव्हतं. घरी गेल्यावर ते दार उघडायचे, दिवा लावायचे, ताट एकच घ्यायचे. ताट एकच घ्यायला त्यांना चार महिने लागले होते.

दीड वर्षाने लेक पुन्हा आली, तेव्हा तिने विचारलं नाही. फाइल काढली, मृत्यूचा दाखला, बापाची ओळखपत्रं, बँकेचा रद्द केलेला चेक असं सगळं एका पिशवीत भरलं आणि म्हणाली, “बाबा, चला.” मास्तर निघाले. कुणी चला म्हटलं की ते जात, थांबा म्हटलं की थांबत.

फंडाच्या कार्यालयात काचेमागे एक तरुण मुलगी बसली होती. तिने कागद लावले, दाखल्यावरची तारीख पाहिली, पडद्यावर काही पाहिलं आणि पुन्हा तारीख पाहिली.

“काका, दीड वर्ष झालं. हप्ते चालूच होते?”

“हो.”

“कळवायचं असतं हो लगेच. गेलेल्या माणसाच्या नावाने असं घेता येत नाही.”

“ती दर महिन्याला घ्यायची,” मास्तर म्हणाले.

मुलगी उठून आत गेली. आतून एका साहेबांना बोलावून आणलं. साहेबांनी कागद चाळले. “नॉमिनी आहे, खातं दोघांचं आहे, फार अडचण नाही. एक जादा प्रतिज्ञापत्र लागेल.” मग पडदा फिरवून त्यांनी आकडा दाखवला.

लेकीने बापाचा दंड घट्ट धरला. मास्तरांना नऊ वर्षं घासत बसून जेवढा पगार मिळाला असता, तेवढी ती रक्कम होती.

“पेन मिळेल का?” मास्तर म्हणाले.

साहेब मात्र भारावून गेले होते. “पडझडीच्या महिन्यात इथे बाहेरपर्यंत फोन वाजत होते, काका. काढा, काढा, काढा! आणि तुम्ही एक युनिट हलवलं नाही. वर सगळ्यात स्वस्तात घेत राहिलात. आमचा एक ऑनलाइन मेळावा आहे, ‘साथीने गुंतवणूकदारांना काय शिकवलं’. तुम्ही पाच मिनिटं बोलाच.”

“मला बोलता येत नाही.”

“तेच हवंय. सामान्य माणूस!”

लेक म्हणाली, “बोला बाबा. जरा चार माणसं दिसतील.” मास्तर बरं म्हणाले.

मेळावा एका रविवारी सकाळी होता. लेकीने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला आणि बापाला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. आधी एक कोटवाले तज्ज्ञ अर्धा तास बोलले. जोखीम, शिस्त, मोहाचे आणि भीतीचे दिवस. तक्ते छान होते. एक रेघ खोल दरीत उतरत होती आणि पुन्हा वर चढत होती. दरीच्या तळाशी महिना लिहिला होता. मास्तरांनी तो वाचला. तिच्या खिडकीपाशी बसण्याचा तो महिना.

मग निवेदिका म्हणाली, “आता आपल्यासोबत आहेत एक कारागीर, ज्यांनी वादळात सुकाणू सोडलं नाही. काका, पडत्या बाजारात तुम्ही स्वतःला कसं सावरलंत?”

“सावरलं नाही,” मास्तर म्हणाले.

“म्हणजे?”

“मी काही केलं नाही. पैसे बायकोचे होते. ती साथीत गेली. फोन तिचा होता, तो मी उघडला नाही. बाजार वर गेला की खाली गेला, मला माहीत नव्हतं.”

निवेदिका हसरी राहण्याचा प्रयत्न करत म्हणाली, “पण हाच तर संयम, नाही का?”

“नाही,” मास्तर म्हणाले. रागावून नाही, नंबर चुकीचा लिहिला असेल तर सांगावं तसं. “संयम तिला होता. तिला भीती वाटत होती, तरी तिने विकलं नाही. मला काहीच वाटत नव्हतं. दोन्हींत फरक आहे.” ते पुढे म्हणाले, “तिने सहा महिन्यांचे पैसे वेगळे ठेवले होते. ते होते म्हणून मी उपाशी राहिलो नाही आणि हे मोडावं लागलं नाही. मी तेव्हा न्हाणीघरासाठी भांडलो होतो. आणि कागदावर माझं नाव होतं. ते नसतं तर लेकीला आणि मला वर्षानुवर्षं हेलपाटे घालावे लागले असते. एवढंच. बाकी मला कळत नाही.”

कुणीतरी टाळ्यांचं चित्र पाठवलं. मग अनेकांनी पाठवलं. पिवळे पिवळे हात पडद्याच्या तळातून वर जाऊ लागले आणि नाहीसे होऊ लागले. मास्तर ते बघत बसले.

लेक स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होती. दीड वर्षात बाप एका दमात इतकं बोलला नव्हता.

त्याच संध्याकाळी दारात मेव्हणा उभा होता. बहीण गेल्यावर तो दोनदा येऊन गेला होता, पण दोन्ही वेळा उभ्या उभ्या. आता केस पांढरे झालेले, अंगावर कंपनीचं नाव छापलेला शर्ट. प्रवासी कंपनी पहिल्याच वर्षी बंद पडली होती. आता तो एका गोदामात खोकी बांधायचा. आत येऊन तो चपला काढायच्या स्टुलावरच बसला.

“खुर्चीवर बस ना मामा,” लेक म्हणाली.

“नको. इथे बरं आहे.” मग मास्तरांना म्हणाला, “भाऊजी, मी ऐकलं सकाळी. मीही होतो त्यात. कॅमेरा बंद करून बसलो होतो.”

“हं.”

“मी तेव्हा विकलं, अगदी तळाला. नंतर बाजार वर जाताना बघवेना. एका ग्रुपवर कुणी सांगितलं, अमुक कंपनी औषध काढतेय, दुप्पट होणार. टाकले सगळे. औषध निघालं नाही. आता नावापुरते उरलेत.” तो हसला. “तेलही गेलं, तूपही गेलं. हाती धुपाटणंही नाही. पण मी त्याच्यासाठी नाही आलो. मला तुमच्याकडून काही नकोय.”

“मग?”

मेव्हणा शर्टाचं बटण चाळवत राहिला. “मी तिला म्हणालो, तुला काय कळतं, पावत्या फाडतेस. त्यानंतर फोन केला नाही. मला वाटलं, बाजार आणखी पडू दे, मग करतो. मग तिला कळेल कोण बरोबर होतं ते. रोज वाट बघत होतो भाऊजी, आणखी पडायची.” त्याने बटण सोडून वर बघितलं. “ती शेवटपर्यंत रागावलेली होती का माझ्यावर?”

लेकीने बापाकडे बघितलं. एखादा चांगला खोटा शब्द इथे चालून गेला असता. मास्तरांना तो सुचला नाही. त्यांनी आठवायला सुरुवात केली. कितीतरी महिन्यांनी ते मुद्दाम काही आठवत होते, आणि ती दुपार जिथल्या तिथे होती. खिडकी, तिचा खाली वळलेला चेहरा, फोन बंद करतानाचा अंगठा.

“म्हणाली होती, त्याचं बरोबर निघालं तर बरंच होईल,” मास्तर सावकाश म्हणाले. “म्हणाली, निदान एक तरी घर वाचेल.”

“माझ्याबद्दल?”

“तुझ्याबद्दलच.”

मेव्हणा स्टुलावर वाकला आणि दोन्ही हातांत तोंड घेऊन लहान मुलासारखा रडला. लेकही रडली. मास्तर उठले, त्यांनी दोघांना पाणी आणून दिलं आणि मध्ये उभे राहिले. त्यांना रडू आलं नाही, पण ती दुपार अजून डोळ्यांपुढून हलत नव्हती.

महिनाभरात युनिट मास्तरांच्या नावावर झाले आणि तिच्या नावाचा हप्ता थांबला. कार्यालयातल्या मुलीने नवा सुरू करायचा का विचारलं. मास्तरांनी आधी वर्षाच्या खर्चाची रक्कम ठेवीत टाकायला सांगितली, बाकी होतं तसं ठेवलं, नॉमिनी म्हणून लेकीचं नाव घातलं आणि पगार पुन्हा पूर्ण मिळायला लागल्यावर छोटा हप्ता सुरू केला. पासवर्ड एका कागदावर लिहून लेकीला दिला. मेव्हण्यालाही बरोबर नेऊन त्याने आधी तीन महिन्यांच्या खर्चाची ठेव उघडावी असं सांगितलं. “सहा जमायला वेळ लागेल,” मेव्हणा म्हणाला. “लागू दे,” मास्तर म्हणाले. त्याउपर त्यांनी त्याला काही समजावलं नाही. ठेव भरत आल्यावर मेव्हण्याने आपणहूनच पुन्हा छोटा हप्ता सुरू केला.

पुढच्या वर्षी बाजार पुन्हा घसरला. या वेळी कारण वेगळं होतं. कुठेतरी युद्ध, कुठेतरी महागाई. दुकानात पुन्हा तेच सुरू झालं. मालक हातात फोन घेऊन येरझारा घालू लागला. दुपारी मेव्हण्याचा फोन आला. मास्तरांनी चाक थांबवलं आणि हात पुसून घेतला.

“भाऊजी, पडतंय हो.”

“किती?”

“बरंच. सकाळपासून नुसता आकडाच बघतोय. काय करू?”

“जेवलास का?”

“नाही अजून.”

“मग जेव आधी. आणि रविवारी ये घरी. लेक येणार आहे.”

“पण बाजार...”

“तोही असेल रविवारी,” मास्तर म्हणाले. पलीकडे मेव्हणा हसला. हसू त्याच्या बहिणीसारखं नव्हतं, त्याचं स्वतःचंच होतं, जरा घोगरं. मास्तरांनी ते पुरतं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि पुढची चिठ्ठी उचलली.